अभिजात मोटारगाड्यांची बाजारपेठ

अभिजात मोटारगाड्यांची बाजारपेठ म्हणजे उत्पादन थांबलेल्या आणि संग्रहमूल्य प्राप्त झालेल्या जुन्या मोटारगाड्यांच्या खरेदी-विक्रीचे क्षेत्र होय. सर्वसाधारण वापरलेली गाडी दर वर्षी स्वस्त होत जाते. अभिजात गाडीची किंमत मात्र एका टप्प्यावर घसरायची थांबते आणि काही गाड्यांच्या बाबतीत पुन्हा चढू लागते. ही किंमत गाडीच्या वयावर आणि दुर्मिळतेवर ठरते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कोणती पिढी कोणत्या गाड्या पाहत लहानाची मोठी झाली आणि त्या पिढीच्या हाती पैसा केव्हा आला, यावर किमतीचा कल पुष्कळसा अवलंबून असतो. म्हणूनच एका पिढीने जिवापाड जपलेल्या गाडीला पुढच्या पिढीत गिऱ्हाईक मिळेनासे होते आणि एके काळी भंगारात निघालेली गाडी पुढे लाखो डॉलर मोजून विकत घेतली जाते.

या व्यवहाराची मुख्य केंद्रे अमेरिका, ब्रिटन आणि पश्चिम युरोप येथे आहेत. अमेरिकेत जानेवारी महिन्यात ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल येथे आणि ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे परिसरात, तर फ्रान्समध्ये पॅरिसच्या रेट्रोमोबिल प्रदर्शनाच्या सुमारास मोठे लिलाव भरतात. भारतात संघटित लिलाव थोडे असून बहुतेक व्यवहार ओळखीपाळखीतून होतात.

संज्ञा

मराठी वृत्तपत्रांत कोणत्याही जुन्या गाडीला सरसकट ‘व्हिंटेज’ म्हटले जाते. इंग्रजीतील हा शब्द मूळचा द्राक्षमळ्यातला आहे. एखाद्या हंगामातील द्राक्षांचा तोडा आणि त्यापासून केलेली मद्ये, असा त्याचा अर्थ. मोटारींच्या संदर्भात त्याला काटेकोर अर्थ मिळाला तो ब्रिटनमधील ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’मुळे. १९३४ साली स्थापन झालेल्या या मंडळाने ३१ डिसेंबर १९३० ही सीमारेषा मानली. त्यानंतर बाजारात आलेल्या, मोठ्या प्रमाणावर उत्पादित होणाऱ्या गाड्या कसाच्या नाहीत, असे संस्थापकांचे मत होते. येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या गाड्यांना ‘पूर्वीच्या चांगल्या काळातील’ म्हणून गौरवण्यात आले, त्या तेव्हा अवघ्या चार ते पंधरा वर्षांच्या होत्या. गतकाळाची ओढ ही या छंदाच्या व्याख्येतच पहिल्यापासून मुरलेली आहे.

अमेरिकेत १९५२ साली ‘क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका’ स्थापन झाला. त्याने १९२५ ते १९४२ या काळातील निवडक, महागड्या व उत्तम बांधणीच्या गाड्यांनाच ‘क्लासिक’ ठरवले. पुढे ही कालमर्यादा दोन्ही बाजूंनी वाढवण्यात आली. जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे ‘फिव्हा’, तीस वर्षे पूर्ण झालेल्या वाहनाला ऐतिहासिक मानतो. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ही अट पन्नास वर्षांची आहे. एकाच गाडीला एका देशात वारसा आणि दुसऱ्या देशात केवळ जुने वाहन समजले जाते ते यामुळे.

‘अभिजात’ हा शब्द मराठीत वाङ्मय आणि भाषा यांच्या संदर्भात रुळलेला आहे. संस्कृतात त्याचा अर्थ ‘कुलीन, चांगल्या कुळात जन्मलेला’ असा होतो. ‘क्लासिक’ या शब्दाचे लॅटिन मूळही ‘वरच्या वर्गातला’ असेच आहे. प्रारंभीच्या संग्राहकांना दोन्ही अर्थ मान्य झाले असते. आजच्या बाजारात मात्र पुष्कळशी मागणी कुलीन नसलेल्या, सर्वसामान्य घरांतील गाड्यांना आहे.

किंमत ठरण्याची रीत

अभिजात गाडीचे मूल्य ठरवताना तिची संख्या, स्थिती, मूळ भागांचे प्रमाण, पूर्वीचे मालक, शर्यतींतील इतिहास आणि कागदपत्रे पाहिली जातात. अमेरिकेतील हॅगर्टी ही विमा कंपनी गाड्यांची स्थिती एक ते चार अशा श्रेणींत मोजून किमतींची मार्गदर्शक सूची प्रसिद्ध करते. पहिल्या श्रेणीत प्रदर्शनात पारितोषिक मिळवील अशी निर्दोष गाडी, तर चौथ्या श्रेणीत चालू असलेली पण दोष उघड दिसणारी गाडी मोडते.

या घटकांखेरीज, नवख्या वाचकाला सहसा न सुचणारा एक घटक आहे. तो म्हणजे गाडी घेऊन कोठे जाता येते. लंडन ते ब्रायटन ही जुन्या गाड्यांची फेरी १८९६ सालच्या एका ऐतिहासिक फेरीच्या स्मरणार्थ १९२७ पासून भरवली जाते आणि तीत १ जानेवारी १९०५ पूर्वी तयार झालेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो. साहजिकच १९०४ च्या गाडीला जो भाव येतो, तो तशाच १९०६ च्या गाडीला येत नाही. दोन वर्षांनी नवी, बहुधा थोडी अधिक सुधारलेली, पण फेरीत प्रवेश नसलेली गाडी स्वस्तात जाते. १९५३ च्या ‘जेनेव्हीव्ह’ या ब्रिटिश चित्रपटात १९०४ ची एक दराक गाडी याच फेरीत धावताना दाखवली होती आणि त्यानंतर या छंदाकडे लोकांचा ओढा वाढला. इटलीतील ‘मिल्ले मिल्या’ शर्यत १९२७ ते १९५७ या काळात होत असे. तिच्या आजच्या स्मृतिफेरीत मूळ शर्यतीत धावलेल्या प्रकारांच्याच गाड्या घेतल्या जातात आणि त्या यादीत नाव असणे हे किमतीतही उमटते.

मूल्य काळानुसार कसे पालटते, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ या काळात अशा ३६ गाड्या तयार झाल्या. नवी असताना अमेरिकेत तिची किंमत सुमारे १८,००० डॉलर होती. शर्यतीची गाडी दोन-तीन वर्षांत मागे पडते, तशी हीही पडली. त्यांपैकी एक गाडी टेक्सस राज्यातील व्हिक्टोरिया गावच्या हायस्कूलला विद्यार्थ्यांच्या यंत्रकामाच्या वर्गासाठी देण्यात आली होती आणि १९७२ साली ती ६,५०० डॉलरना विकली गेली. शाळेचा व्यवहार त्या काळच्या मानाने वावगा नव्हता. तेव्हा ती खरोखर एक जुनी, खर्चिक, रस्त्यावर गैरसोयीची गाडीच होती. पुढे याच प्रकारातील एक गाडी २०१४ मध्ये लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलरना, दुसरी २०१८ मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरना आणि तिसरी २०२३ मध्ये ५ कोटी १७ लाख डॉलरना विकली गेली. गाड्यांची संख्या १९७२ सालीही तेवढीच होती. तेव्हा नव्हते ते हे की, तिच्या शर्यती पाहिलेली मुले अजून धनवान झाली नव्हती.

पिढी आणि स्मृती

संग्राहक साधारणतः चाळिशी-पन्नाशीत या बाजारात उतरतो. संसार स्थिरावलेला असतो, हाती पैसा असतो, आणि शाळकरी वयात ज्या गाडीचे चित्र खोलीच्या भिंतीवर लावले होते ती गाडी त्याला हवी असते. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील संग्राहकांना फोर्ड मॉडेल टी आणि मॉडेल ए या गाड्या जवळच्या वाटत. घरातील पहिली गाडी, वडिलांनी शेतावर वापरलेली गाडी, अशा त्यांच्या आठवणी होत्या. मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटींच्या संख्येने तयार झाली. आज तिची आठवण असलेले लोक जवळजवळ उरलेले नाहीत. नव्या खरेदीदाराला ती आदरणीय वाटते, पण स्वतःच्या अंगणात असावी असे वाटत नाही. परिणामी तिच्या किमती दीर्घकाळ मरगळलेल्या राहिल्या आहेत.

महायुद्धोत्तर काळात जन्मलेल्या अमेरिकी पिढीने १९५० च्या दशकातील फोर्ड थंडरबर्ड, शेव्हरोले बेल एअर अशा गाड्या आणि १९६० च्या दशकाच्या अखेरच्या अवाढव्य इंजिनांच्या ‘मसल कार’ डोक्यावर घेतल्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल पिणाऱ्या या गाड्या कवडीमोल झाल्या होत्या आणि महाविद्यालयीन मुलेही त्या विकत घेत. तीच मुले पुढे सुस्थितीत आली, तेव्हा २००५ च्या आसपास या गाड्यांचे भाव शिगेला पोहोचले आणि २००८ च्या आर्थिक संकटात ते खाली आले. निवडक नमुन्यांना त्यानंतरही मोठी किंमत मिळाली. १९७१ च्या प्लिमथ हेमी कुडा या उघड्या टपाच्या गाडीला २०१४ मध्ये ३५ लाख डॉलर मिळाले, कारण तशा गाड्या अवघ्या अकरा बनल्या होत्या. सर्वसाधारण नमुन्यांची गोष्ट वेगळी. आता त्या पिढीतील मंडळी वार्धक्याकडे झुकली आहेत. विकणारे वाढत आहेत आणि घेणारे घटत आहेत. वडिलांचा संग्रह मुलांना नको असणे, ही अनेक अमेरिकी कुटुंबांतील नित्याची गोष्ट झाली आहे.

पुढची पिढी वाढली ती जपानी गाड्या, संगणकीय खेळ आणि चित्रपट यांच्या सहवासात. ‘ग्रान तुरिस्मो’ हा खेळ १९९७ साली आला आणि ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ हा चित्रपट २००१ साली. निसानची स्कायलाइन जीटी-आर ही गाडी अमेरिकेत नवी कधीच विकली गेली नव्हती. अमेरिकी मुलांनी ती चालवली ती पडद्यावरच. तेथील कायद्याप्रमाणे, सुरक्षा-मानकांत न बसणारी परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाल्यावरच मुक्तपणे आयात करता येते. १९८९ साली तयार झालेल्या स्कायलाइनची ही मुदत २०१४ साली भरली आणि जपानमधील जुन्या बाजारात एकाएकी डॉलरची मागणी येऊन ठेपली. १९९९ च्या आवृत्तीला २०२४ पर्यंत थांबावे लागले. पण त्याआधीच, २०२३ मध्ये, या मालिकेतील चित्रपटात पॉल वॉकर या अभिनेत्याने चालवलेली अशी एक गाडी १३ लाख ५७ हजार डॉलरना विकली गेली होती. घोडागाडीच्या घाटाची जुनी मोटार पाहिलेल्या संग्राहकाला या किमती अनाकलनीय वाटतात. त्याच्या वडिलांनाही त्याची थंडरबर्ड अशीच अनाकलनीय वाटली असणार.

अभिरुचीतील आणखी एक बदल तंत्राशी निगडित आहे. जर्मन पोर्शे ९११ या गाडीचे इंजिन मागे असते आणि १९९८ पर्यंत ते पाण्याऐवजी हवेने थंड होत असे. (मागे इंजिन आणि हवेने शीतन ही रचना मराठी वाचकाला ऑटोरिक्षातून परिचित आहे; साम्य तेवढ्यापुरतेच.) कंपनीने पाण्याने थंड होणारे, अधिक कार्यक्षम इंजिन आणले, तेव्हा जुनी रचना कालबाह्य ठरली. दीड दशकानंतर त्याच जुन्या रचनेच्या गाड्यांचे भाव झपाट्याने वाढले. फेरारीच्या बाबतीतही असेच घडले. २००० नंतरच्या काही फेरारी हाताने बदलायच्या गिअरसह आणि बटणवजा पट्ट्यांनी बदलणाऱ्या गिअरसह, अशा दोन्ही प्रकारांत मिळत. नव्या असताना बहुतेक ग्राहकांनी आधुनिक प्रकार पसंत केला. आज मात्र खाचा पाडलेल्या धातूच्या चौकटीतून दांडा फिरवावा लागणारी गाडी तिच्या जुळ्या भावंडापेक्षा पुष्कळ महाग आहे. ती संथ आहे, तिला सराव लागतो. आणि हेच तिचे आकर्षण आहे. यंत्र सर्व काही आपणहून करू लागले, तसे आपल्या हाताला काम देणारे यंत्र मोलाचे ठरू लागले.

चकाकीकडून अस्सलपणाकडे

कोणती गाडी हवी, हा प्रश्न जसा पिढीगणिक बदलला, तसा ती कशा स्थितीत हवी, हाही बदलला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुनी गाडी पूर्ण खोलून, पत्रा उघडा करून, गंज काढून, नवा रंग, नवे कातडे आणि आरशासारखा क्रोम चढवून ती कारखान्यातून निघाली तेव्हापेक्षाही देखणी करण्याची रीत होती. या कामाला वर्षानुवर्षे लागत आणि त्याचा खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीपेक्षा अधिक होई. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून भरणाऱ्या प्रतिष्ठेच्या प्रदर्शनात अशाच गाड्या पारितोषिके मिळवीत.

हळूहळू संग्राहकांच्या लक्षात आले की, या सोपस्कारात गाडीचा पुरावाच पुसला जातो. मूळ रंगाची छटा, कारागिराच्या हातोडीच्या खुणा, पहिल्या मालकाच्या कोपराने झिजलेले कातडे या गोष्टी एकदा गेल्या की परत आणता येत नाहीत. इंजिन आणि सांगाडा यांवर कोरलेले क्रमांक मूळ नोंदींशी जुळतात की नाही, हे पाहणे नित्याचे झाले. आणि क्रमांक जुळणाऱ्या व न जुळणाऱ्या गाड्यांच्या किमतींत मोठे अंतर पडले. अंतर पडले तशी लबाडीही आली. क्रमांक खरवडून नवे कोरणे, एका मूळ गाडीच्या अवशेषांवरून दोन गाड्या उभ्या करणे, असे प्रकार घडू लागले.

अस्सल म्हणजे नेमके काय, हा प्रश्न १९९० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे आला. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेंटली स्पीड सिक्स गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिच्यात वारंवार फेरफार झाले. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर तिला भीषण अपघात झाला आणि ती पुन्हा बांधण्यात आली. ती सुमारे एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाल्यावर, ही मूळ गाडीच नव्हे, असे म्हणत खरेदीदाराने माघार घेतली. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. १९२९ च्या शर्यतीतील भाग गाडीत फारसे उरलेले नाहीत, हे त्यांनी मान्य केले. परंतु ती मध्येच कधी नाहीशी होऊन दुसरी गाडी तिच्या जागी आलेली नाही. एकच गाडी टप्प्याटप्प्याने बदलत गेली, म्हणून ते नाव तिचेच, असा त्यांचा विचार होता. एकेक फळी बदलत गेलेले जहाज तेच राहते काय, हा ग्रीक तत्त्वचिंतकांचा जुना प्रश्न येथे रोख रकमेच्या संदर्भात सुटला.

२०१५ साली पॅरिसमध्ये झालेला बायोँ संग्रहाचा लिलाव या नव्या अभिरुचीची परिसीमा मानला जातो. पश्चिम फ्रान्समधील एका वाडीवर सुमारे साठ गाड्या अर्धशतकभर छपरांखाली आणि काही तर उघड्यावर पडून होत्या. जुन्या मासिकांच्या ढिगाखाली दबलेली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर ही त्यांतील मुख्य गाडी. फ्रेंच अभिनेता आलँ देलाँ याची ती एके काळी होती. गाड्या न पुसता, धुळीसकट मांडण्यात आल्या. त्या फेरारीला १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किंमत मिळाली. आणि ज्यांचा गंजलेला सांगाडाच शिल्लक होता अशा गाड्याही अंदाजापेक्षा कितीतरी अधिक किमतीला गेल्या. धुळीलाच किंमत आली, ही टीका तेव्हा झाली आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

परीक्षकांची दृष्टी याहून सावकाश बदलली. पेबल बीचचे सर्वोच्च पारितोषिक दीर्घकाळ महायुद्धपूर्व गाड्यांनाच मिळत होते. १९६८ नंतर प्रथमच, २०१४ साली, ते एका युद्धोत्तर गाडीला मिळाले. चित्रपट-दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी यांच्यासाठी बांधलेली ती फेरारी होती. २०२४ साली ते १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाले. तिचा जुना रंग उडालेला होता, पत्र्यावर खुणा होत्या. पुनर्निर्मिती न केलेल्या गाडीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

तेजी आणि घसरण

१९८७ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बुगाटी रोयाल ही गाडी ५५ लाख पौंडांना विकली गेली, तेव्हापासून जुन्या गाडीकडे गुंतवणूक म्हणून पाहण्याची वृत्ती बळावली. पुढच्या वर्षी एन्झो फेरारी यांचे निधन झाल्यावर त्यांच्या गाड्यांच्या किमती भडकल्या. त्या सुमारास जपानमध्ये जमीन आणि समभाग यांची अभूतपूर्व तेजी असल्याने तेथील खरेदीदारही मोठ्या संख्येने उतरले. १९९० मध्ये हा फुगा फुटला. कर्ज काढून गाड्या घेतलेले अनेक जण बुडाले. त्यातून सावरायला बाजाराला दहा-पंधरा वर्षे लागली. ब्रिटनमध्ये मोटारगाडी ही झिजणारी वस्तू समजली जात असल्याने तिच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली लाभकर लागत नाही. गाडीला गुंतवणूक समजणाऱ्यांना ही सवलत आजही खुणावते.

अलीकडच्या दोन दशकांत शिखरावरील आणि मधल्या दर्जाच्या गाड्या यांच्यात दरी पडली आहे. वर सांगितलेला पिढीचा नियम शिखरावर लागू होत नाही. तेथे गाडी चित्र किंवा शिल्प यांसारखी कलावस्तू बनते आणि तिला स्मृतीचा आधार लागत नाही. १९३५ ची ड्यूसेनबर्ग एसएसजे ही गाडी २०१८ मध्ये २ कोटी २० लाख डॉलरना गेली; ती अभिनेता गॅरी कूपर याची होती आणि तशा दोनच बनल्या होत्या. ५ मे २०२२ रोजी श्टुटगार्ट येथील मर्सिडीज-बेंझच्या संग्रहालयात १९५५ ची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. अशाही दोनच गाड्या होत्या आणि कंपनीने १९५५ च्या अखेरीस शर्यतींतून अंग काढून घेतल्यामुळे त्या स्पर्धेत कधी उतरल्याच नाहीत. मिळालेली रक्कम विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी राखण्यात आली. याच काळात महायुद्धपूर्व साध्या चारदारी गाड्यांना विकत घेणारा शोधावा लागत होता.

व्यवहाराची जागाही बदलली. अमेरिकेतील ‘ब्रिंग अ ट्रेलर’ने २०१४ पासून ऑनलाइन लिलाव सुरू केले. खरेदीदार गाडीची शेकडो छायाचित्रे घरबसल्या पाहतो आणि जाणकार मंडळी प्रत्येक डागावर चर्चा करतात. लिलावगृहात जाण्याचा संकोच असलेला तरुण वर्ग यामुळे बाजारात आला.

भारतातील स्थिती

भारतात जुन्या गाड्यांचा पहिला मोठा साठा संस्थानिकांचा होता. रोल्स-रॉइस, बेंटली, डेमलर अशा गाड्या त्यांनी खास फर्मास देऊन बांधून घेतल्या होत्या. संस्थाने विलीन झाल्यावर त्यांचा सांभाळ परवडेना आणि १९५० व १९६० च्या दशकांत अनेक गाड्या अल्प किमतीत परदेशी गेल्या. १९७२ साली अशा गाड्यांच्या निर्यातीवर बंदी आली, तोवर पुष्कळ काही हातचे गेले होते. दिल्लीत ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ पासून जुन्या गाड्यांच्या फेऱ्या भरवल्या आणि हा छंद लोकांसमोर आणला. तरीही तो दीर्घकाळ राजघराणी आणि उद्योगपती यांच्यापुरताच राहिला.

अलीकडे येथेही पिढी बदलली आहे. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या भारतीयाच्या आठवणीत रोल्स-रॉइस नसते. तेथे असते ती फियाट, ॲम्बॅसडर, मारुती ८०० किंवा शेजारच्या काकांची काँटेसा. दुचाकींत बजाज चेतक, येझदी आणि यामाहा आरएक्स १०० यांना हेच स्थान आहे. आरएक्स १०० चे उत्पादन १९८५ ते १९९६ या काळात झाले. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या तिच्या विशिष्ट आवाजासाठी लोक आज मूळ किमतीच्या कित्येक पट पैसे मोजतात. मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ग्राहकाला देण्यात आली होती. पुढे अनेक वर्षांनी ती दुरवस्थेतून बाहेर काढून, पूर्ववत करून कंपनीच्या मुख्यालयात मांडण्यात आली. युरोपात चकाकी मागे पडत असताना भारतात अद्याप नव्यासारखी केलेली गाडीच पसंत केली जाते, हे या उदाहरणातूनही दिसते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने प्रीमियर पद्मिनीची कथा बोलकी आहे. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून ही गाडी फियाट ११०० या इटालियन रचनेवरून तयार होऊ लागली. पद्मिनी हे नाव तिला १९७० च्या दशकात मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती तीन-चार पिढ्यांनी वापरली. आणि रोज दिसणारी वस्तू जपावीशी वाटत नाही, या न्यायाने ती हजारोंच्या संख्येने मोडीत गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. निरोपाच्या त्या दिवसांत वृत्तपत्रे तिच्या आठवणींनी भरून गेली होती. खासगी वापरातील चांगल्या पद्मिनी शोधून त्या दुरुस्त करणारे तरुण आज मुंबई-पुण्यात आहेत. त्यांतील काहींनी ती गाडी केवळ प्रवासी म्हणून, मागच्या बाकावरूनच अनुभवलेली आहे.

कायद्याची स्थिती मात्र या अभिरुचीला अनुकूल नाही. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूप कायम असलेल्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. त्याला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे चालते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापरास परवानगी नसते. दुसरीकडे खासगी गाडीच्या मूळ नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते, आणि दिल्ली परिसरात तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली पंधरा वर्षांवरील पेट्रोल व दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना मज्जाव केला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. त्याच्या अंमलबजावणीवरून पुढेही वाद होत राहिले. पंधरा आणि पन्नास यांच्यामधल्या पस्तीस वर्षांत गाडी जुनी ठरते, पण वारसा ठरत नाही. उदारीकरणाच्या काळातील बहुतेक गाड्या सध्या याच टप्प्यात आहेत. त्यांतील किती पन्नाशी गाठतील, हे त्या वाचवण्याचा खर्च आणि खटाटोप कोण करतो, यावर अवलंबून आहे.

जतनापुढील प्रश्न

बाजारातील मागणी ओसरली म्हणजे केवळ किंमत पडते असे नाही. गाडीचा दुरुस्तीखर्च तिच्या किमतीपेक्षा अधिक झाला की मालक तिला हात लावत नाही. काम नसले की कारागीर उरत नाहीत आणि सुटे भाग कोणी बनवत नाही. मॉडेल टी चालवायला तीन पावपट्ट्या असतात. डावी गिअरसाठी, मधली मागे जाण्यासाठी आणि उजवी ब्रेकसाठी, तर वेग वाढवण्याची दांडी सुकाणूखाली असते. आज उत्तम गाडी चालवणाऱ्या माणसालाही ती शिकल्याशिवाय हलवता येत नाही आणि शिकवणारे कमी होत चालले आहेत. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकणे, बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतणे, कार्बोरेटर कानाने जुळवणे ही कामे पुस्तकातून अवगत होत नाहीत.

१९९० नंतरच्या गाड्यांची अडचण निराळी आहे. त्यांचे इंजिन, ब्रेक आणि पुढे तर दरवाजेही इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली चालतात. लोखंडाचा सुटा भाग लेथवर नव्याने कातता येतो. परंतु पंचवीस वर्षांपूर्वीची चिप, तिच्यातील आज्ञावली आणि ती तपासणारे कारखान्यातील यंत्र, हे सगळे एकदम नाहीसे होते. जुन्या गाडीत विजेची मोटार बसवून ती चालती ठेवण्याचा मार्ग काही जण सुचवतात. तसे बदललेले वाहन ऐतिहासिक मानता येणार नाही, अशी ‘फिव्हा’ची भूमिका आहे. जपानमध्ये निसान, टोयोटा आणि माझदा या कंपन्यांनी आपल्या जुन्या लोकप्रिय गाड्यांचे काही भाग पुन्हा तयार करायला सुरुवात केली आहे. अर्थात ज्या गाड्यांना सध्या मागणी आहे, त्यांचेच.